मेंदूवरचा शिक्का कायमचा असतो का?

‘युद्धाच्या ताणामुळे सैनिकाचा मेंदू आकसतो आणि हे नुकसान कायमचे असते.’ अशा अर्थाचे वाक्य रविवारच्या पुरवण्यांत आणि आरोग्यविषयक पुस्तकांत वारंवार भेटते. तेथून ते शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांतील तक्त्यांवर उतरते. भिवंडीजवळच्या पूर्णा गावातील एका प्रदर्शनात नववीच्या विद्यार्थ्यांनी ते लाल अक्षरांत लिहिले होते आणि खाली दोन मेंदू काढले होते, एक मोठा व एक लहान. विद्यार्थ्यांचा यात काही दोष नाही. हाती आलेला मजकूर त्यांनी प्रामाणिकपणे उतरवला होता. आमची टीका आहे ती त्या मजकुरावर.

पूर्णा, काल्हेर, राहनाळ हा सारा पट्टा गोदामांचा. गोदामांच्या फाटकांवर रखवालीला असणाऱ्यांत सैन्यातून निवृत्त झालेली माणसेही असतात. त्यांची मुले याच शाळांत शिकतात. तक्ता वाचणारा मुलगा घरी जाऊन वडिलांकडे कोणत्या नजरेने पाहील? रात्री दचकून उठणारा, फटाक्यांच्या आवाजाने अस्वस्थ होणारा एखादा माजी जवान ‘कायमचे नुकसान’ हे शब्द वाचून डॉक्टरांकडे जाईल, की आता उपयोग नाही म्हणून घरीच बसेल? विज्ञानाच्या नावाने लिहिलेल्या वाक्याची जबाबदारी विज्ञानाने घ्यायला हवी. म्हणून हे वाक्य तपासून पाहणे आवश्यक वाटते.

वाक्य छोटे असले तरी त्यात तीन वेगवेगळे दावे आहेत. पहिला, सैनिकाच्या मेंदूत फरक आढळतो. दुसरा, तो फरक युद्धाच्या ताणामुळेच पडला. तिसरा, तो कधीच भरून येत नाही. पहिल्या दाव्याचा पुरावा मिळाला की पुढचे दोन आपोआप सिद्ध झाले असे मानले जाते. खरे तर प्रत्येक दाव्याला वेगळा पुरावा लागतो.

देवळालीचा ताप

सैनिकाच्या मनःस्थितीचे कारण घाईने ठरवण्याची सवय जुनी आहे. तिचे एक उदाहरण आपल्या वाटेवरच आहे. ठाण्याहून पूर्णा गावावरून भिवंडीकडे जाणारा जुना आग्रा रस्ता पुढे कसारा घाट चढून नाशिकला पोहोचतो. नाशिकजवळच्या देवळालीत १८६१ साली ब्रिटिश लष्कराने एक छावणी उभारली. इंग्लंडहून नव्याने आलेले आणि मुदत संपवून परत निघालेले गोरे सैनिक येथे थांबत. परतीची जहाजे साधारणपणे हिवाळ्याच्या महिन्यांतच सुटत. हंगाम संपल्यावर ज्याची मुदत पुरी होई, त्याला पुढच्या हंगामापर्यंत काही काम नसताना छावणीत दिवस काढावे लागत. या सैनिकांच्या विचित्र वागण्यावरून इंग्रजीत ‘डूलॅली टॅप’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. ‘डूलॅली’ म्हणजे आपली देवळाली आणि ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. आजही इंग्रजीत खुळ्या माणसाला ‘डूलॅली’ म्हणतात.

या शब्दप्रयोगातच एक निदान दडलेले आहे: या देशातल्या उन्हाने, तापाने गोऱ्या माणसाचे डोके फिरते. आता हे निदान तपासून पाहा. देवळाली पठारावर आहे, तेथील हवा मुंबईपेक्षा कोरडी व थंड आहे. पुढे याच देवळालीत हवापालटासाठी लोक येऊ लागले आणि आरोग्यभुवने उभी राहिली. ऊन हेच कारण असते तर ज्या छावण्या याहून कितीतरी अधिक तापत, त्यांचे नाव या शब्दाला चिकटायला हवे होते. चिकटले ते जेथे माणसे महिनोन्‌महिने नुसती वाट पाहत बसत त्या जागेचे. फ्रँक रिचर्ड्‌स या वेल्श पलटणीतल्या सैनिकाने १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत देवळालीतील या रिकाम्या दिवसांबद्दल लिहिले आहे. कारण समोर दिसत होते, परंतु नाव दिले गेले तापाचे.

तोफगोळ्याचा धक्का

पहिल्या महायुद्धात निदान बदलले. १९१५ च्या फेब्रुवारीत चार्ल्स मायर्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तीन सैनिकांची हकिगत प्रसिद्ध केली. जवळच तोफगोळे फुटल्यानंतर त्यांची स्मृती, दृष्टी, वास आणि चव यांत बिघाड झाला होता. मायर्स यांनी त्यासाठी ‘शेल शॉक’ हा शब्द छापील वापरात आणला. स्फोटाच्या दाबाने मेंदूला सूक्ष्म इजा होत असावी, असे त्या वेळी पुष्कळांना वाटले. फ्रेडरिक मॉट यांनी काही मृत सैनिकांच्या मेंदूंत बारीक रक्तस्राव पाहिलेही होते. पण लवकरच असे रुग्ण येऊ लागले की ज्यांच्या आसपास एकही गोळा फुटलेला नव्हता. खुद्द मायर्स यांना तो शब्द फसवा वाटू लागला आणि १९१७ साली ब्रिटिश लष्कराने त्याच्या वापरावर बंधने घातली. मग दुसरे टोक गाठले गेले. मेंदूत इजा नाही, म्हणजे माणूस मनाने दुबळा किंवा ढोंगी, असे अनेक अधिकारी मानू लागले.

या युद्धात मराठी माणसेही होती. मेसोपोटेमियातील कुट येथे डिसेंबर १९१५ पासून पडलेल्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी अडकल्या होत्या. उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील सैन्य शरण गेले आणि उरलेल्यांच्या वाट्याला कैद आली. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाने या महायुद्धात ४६ जवान गमावले. महाराष्ट्रातील अनेक गावांत तेव्हाच्या सरकारने बसवलेले संगमरवरी फलक आजही दिसतात. या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, त्यांपैकी इतके कामी आले, एवढाच मजकूर त्यांवर असतो. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा केला की परत आलेल्यांची संख्या मिळते. ते कोणत्या अवस्थेत परत आले याची नोंद फलकावर नाही. गावाने त्यांना ‘डोक्यावर परिणाम झालेला’ म्हटले असेल किंवा ‘अबोल’ म्हटले असेल.

आठ टक्क्यांची गोष्ट

व्हिएतनाम युद्धानंतर १९८० साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत ‘आघातोत्तर ताणविकार’ समाविष्ट झाला. भयंकर प्रसंग पुनःपुन्हा डोळ्यांसमोर येणे, त्याची आठवण देणाऱ्या गोष्टी टाळणे, सतत सावध व दचकलेले राहणे ही त्याची लक्षणे. पुढे एम.आर.आय. तंत्रामुळे जिवंत माणसाच्या मेंदूची मोजमापे घेता येऊ लागली आणि ‘मेंदू आकसतो’ या वाक्याचा जन्म झाला.

१९९५ साली डग्लस ब्रेम्नर व सहकाऱ्यांनी हा विकार असलेल्या २६ माजी सैनिकांच्या मेंदूंची तुलना विकार नसलेल्या २२ जणांशी केली. स्मृतीशी संबंधित ‘हिप्पोकॅम्पस’ हा भाग सैनिकांत उजव्या बाजूला सरासरी ८ टक्के लहान आढळला. येथे पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी. लहान आढळला तो एक छोटासा भाग. तक्त्यावर दाखवतात तसा अख्खा मेंदू नव्हे. अर्थ लावायला एक सिद्धांतही तयार होता. १९८० च्या दशकात रॉबर्ट सापोल्स्की यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवले होते की ताणाच्या वेळी स्रवणारे संप्रेरक दीर्घकाळ जास्त प्रमाणात राहिले, तर हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशी मरतात. दोन्ही निष्कर्ष जोडले गेले: युद्ध, मग ताण, मग संप्रेरक, मग पेशींचा नाश.

साखळी नीटस दिसते, पण एक कडी निसटली आहे. ही मोजमापे युद्ध संपल्यानंतर पुष्कळ वर्षांनी घेतलेली होती. या सैनिकांचा हिप्पोकॅम्पस युद्धापूर्वी केवढा होता? ते कोणी मोजले नव्हते. शाळेतले उदाहरण घेऊ. व्हॉलीबॉलच्या संघातील मुलांची उंची मोजली तर ती इतर मुलांपेक्षा जास्त भरेल. त्यावरून व्हॉलीबॉल खेळल्याने उंची वाढते असे अनुमान काढले तर विद्यार्थीच हसतील; उंच मुले निवडली गेली हे त्यांना ठाऊक असते. मेंदूच्या बाबतीत मात्र तेच अनुमान आपण बिनतक्रार स्वीकारतो.

जुळ्या भावांची साक्ष

भूतकाळात जाऊन मेंदू मोजता येत नाही. पण निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे, ती म्हणजे एकसारखी जुळी भावंडे. २००२ साली मार्क गिल्बर्टसन व सहकाऱ्यांनी अशा जुळ्या भावांचा अभ्यास केला की ज्यांतील एक भाऊ व्हिएतनामच्या लढाईत होता आणि दुसरा नव्हता. युद्धाने हिप्पोकॅम्पस आकसत असेल तर तो लढलेल्या भावात लहान आणि घरी राहिलेल्या भावात नेहमीएवढा असायला हवा. प्रत्यक्षात, लढलेल्या भावाला तीव्र ताणविकार होता अशा जोड्यांत दोन्ही भावांचा हिप्पोकॅम्पस लहान आढळला. म्हणजे हा फरक, निदान त्याचा मोठा भाग, युद्धापूर्वीचाच असावा. लहान हिप्पोकॅम्पस हा ताणाचा परिणाम नसून ताणाने विकार जडण्याची शक्यता वाढवणारी एक पूर्वस्थिती असू शकते. बाण उलट्या दिशेने काढावा लागतो.

फरकाचा आकार किती, हेही पाहू. २०१८ साली अनेक देशांतील १६ गटांची माहिती एकत्र करून १,८६८ व्यक्तींच्या मोजमापांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यांतील ७९४ जणांना ताणविकार होता. हिप्पोकॅम्पस सरासरीने लहान भरला हे खरे. पण फरक प्रमाण विचलनाच्या सुमारे ०.१७ पट एवढाच होता. याचा अर्थ गणिताच्या शिक्षकांनी वर्गात सोडवून दाखवावा. विकार असलेला एक व नसलेला एक असे कोणतेही दोघे घेतले, तर विकार असलेल्याचा हिप्पोकॅम्पस लहान निघण्याची शक्यता शंभरात सुमारे ५५ येते. नाणे उडवून सांगितले तर ती ५० असते. एवढ्या फरकावरून कोणाही एका माणसाच्या मेंदूबद्दल काहीच सांगता येत नाही. एक मोठा आणि एक लहान मेंदू काढून दाखवणे तर चुकीचेच ठरते.

मग काहीच टिकत नाही का?

येथवर वाचून ‘म्हणजे युद्धाच्या ताणाचा मेंदूवर परिणाम होतच नाही’ असे कोणी म्हणेल, तर ती दुसऱ्या टोकाची चूक होईल. १९१७ नंतर ती एकदा होऊन गेली आहे. परिणाम होतात, आणि त्यांतील काही टिकाऊही असतात. प्रश्न असतो कोणते, कोणात आणि किती काळ.

या बाबतीत भारतात झालेले काम फार मोलाचे आहे. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सुमंत्र चटर्जी व सहकाऱ्यांनी उंदरांना रोज दोन तास याप्रमाणे दहा दिवस हालचाल करता येणार नाही असे ठेवले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशींच्या शाखा आखूड झालेल्या दिसल्या. भीतीशी संबंधित ‘अमिग्डाला’ या भागातील पेशींच्या शाखा मात्र वाढल्या होत्या. मेंदू सरसकट आकसत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता? पुढे त्याच गटाने उंदरांना एकवीस दिवस विश्रांती दिली. हिप्पोकॅम्पसच्या शाखा पूर्ववत झाल्या, परंतु अमिग्डालातील वाढ आणि उंदरांची भित्री वागणूक तशीच राहिली. आणखी एका प्रयोगात फक्त एकदाच दोन तासांचा ताण दिला होता. दुसऱ्या दिवशी अमिग्डालात काही बदल दिसला नाही. दहा दिवसांनी मात्र पेशींच्या शाखांवरील सूक्ष्म काट्यांची संख्या वाढलेली आढळली. प्रसंग टळून गेल्यावर त्रास उशिरा का सुरू होतो, याचा एक धागा येथे मिळतो. अर्थात बांधून ठेवलेला उंदीर म्हणजे रणांगणावरचा जवान नव्हे, हे विसरून चालणार नाही.

माणसांवरही ‘आधी आणि नंतर’ अशी मोजमापे झाली आहेत. नेदरलँड्‌समधील गुइडो व्हान विंगेन व सहकाऱ्यांनी अफगाणिस्तानात चार महिन्यांच्या कामगिरीवर जाणाऱ्या ३३ सैनिकांचे मेंदू जाण्यापूर्वी आणि परतल्यावर तपासले. सोबत तिकडे न गेलेल्या २६ सैनिकांचा तुलनागट होता. २०१२ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे: परतल्यावर मध्यमेंदूतील क्रियाशीलता घटली होती आणि दीर्घकाळ लक्ष टिकवण्याची क्षमता कमी झाली होती. दीड वर्षाने पुन्हा पाहिले तेव्हा यांतील बहुतेक बदल भरून आले होते. मध्यमेंदू व पुढचा मेंदू यांच्यातील समन्वय मात्र अजूनही क्षीण होता. हे सारे सैनिक निरोगी होते, त्यांना ताणविकार नव्हता.

हा अभ्यासही आम्हांला टीकेच्या पलीकडचा वाटत नाही. गट लहान आहे. चार महिन्यांच्या कामगिरीवरून वर्षानुवर्षांच्या सेवेबद्दल बोलता येत नाही. दीड वर्ष टिकणारा बदल ‘टिकाऊ’ म्हणता येईल. ‘कायमचा’ म्हणण्यासाठी पुढची अनेक वर्षे पाहावे लागेल. पण या संशोधकांनी आधी मोजले, तुलनागट ठेवला आणि पुन्हा मोजले. भरून आलेले व न आलेले बदल त्यांनी वेगवेगळे सांगितले. लोकप्रिय लेखनात नेमका हाच भेद पुसला जातो.

न्याय म्हणून आणखी दोन नोंदी करायला हव्यात. जुळ्या भावांच्याच अभ्यासमालेतून २००८ साली असे दिसले की मेंदूच्या पुढच्या भागातील एका पट्ट्यात पेशीद्रव्य कमी असणे हे फक्त विकारग्रस्त भावात आढळते, घरी राहिलेल्यात नाही. म्हणजे हा बदल नंतर आलेला असावा. तसेच २०१६ साली डॅनियल पर्ल व सहकाऱ्यांना स्फोटाच्या लाटेत सापडलेल्या काही सैनिकांच्या मेंदूंत, मरणोत्तर तपासणीत, विशिष्ट प्रकारचे व्रण आढळले. शंभर वर्षांपूर्वी मॉट शोधत होते ती शारीरिक इजा काही सैनिकांपुरती खरी निघाली. भीतीचा परिणाम आणि स्फोटाचा परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकाच माणसात त्या दोन्ही असू शकतात. देवळालीला आज भारतीय लष्कराची तोफखाना शाळा आहे. वर्षानुवर्षे तोफांच्या सान्निध्यात काम करणाऱ्यांच्या मेंदूवर काय परिणाम होतो, हा आपल्याकडेही नीट मोजमापे घेऊन पाहण्यासारखा विषय आहे.

शाळेत काय करावे

हे वाक्य सैनिकांपुरते राहत नाही, म्हणून शिक्षकांनी त्याकडे विशेष लक्ष द्यावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर थोड्याच काळाने वाचलेल्या ४२ जणांची मनोविकारतज्ज्ञांनी तपासणी केली. निम्म्याहून अधिक जणांत निदान करण्याजोगा विकार आढळला. ही पाहणी मदतकार्यासाठी अत्यंत उपयुक्त होती. पण ती त्या घडीची होती. त्यांतील किती जण दहा वर्षांनी तसेच राहिले, हे तिच्यातून कळू शकत नाही. भिवंडीने १९७० आणि १९८४ साली दंगली पाहिल्या. त्या वेळची मुले आज आजी-आजोबा झाली आहेत. आपत्ती पाहिलेल्या मुलाला ‘याचा मेंदू आता कायमचा बदलला’ असे लेबल लावले की शिक्षकाची अपेक्षा घटते आणि मुलाची स्वतःबद्दलचीही. असे लेबल लावायला विज्ञानाचा आधार नाही.

मेंदूबद्दलचा कोणताही दावा समोर आला की वर्गात चार प्रश्न विचारावेत. आधी मोजले होते का? तुलना कोणाशी केली? फरक केवढा आहे? पुन्हा कधी मोजले? हे प्रश्न विचारायला प्रयोगशाळा लागत नाही. नववीचा विद्यार्थी ते विचारू शकतो आणि संशोधकाने त्यांची उत्तरे द्यायलाच हवीत.

तक्ता करायचाच असेल तर त्यावर असे लिहावे: ‘युद्धासारख्या तीव्र ताणानंतर मेंदूच्या कामात बदल होतात. त्यांतील पुष्कळ भरून येतात, काही दीर्घकाळ टिकतात आणि काही फरक ताणापूर्वीचेच असू शकतात.’ वाक्य लांबले आणि त्यातला थरार गेला. परंतु ते खरे आहे, आणि ते वाचणाऱ्या माजी जवानाला त्यात उपचाराला जागा दिसते.

ती जागा खरोखर आहे. भयाच्या आठवणींना तज्ज्ञाच्या मदतीने टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याच्या उपचारपद्धतीने अनेकांना आराम पडतो, काहींना औषधांचाही उपयोग होतो. २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला देते. १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात सैन्यदलांसाठी तिचा स्वतंत्र कक्षही सुरू झाला. हा क्रमांक तक्त्याच्या खालच्या कोपऱ्यात ठळक लिहावा. दोन मेंदूंच्या चित्रापेक्षा तो अधिक लोकांच्या उपयोगी पडेल.